यंत्राच्या नाकावरचा रुमाल

पहिला दांडा टेबलावर बसला, दुसरा मापाड्याच्या खांद्यावर. तिसरा बसायच्या आत तो खुर्चीसकट मागे कोसळला आणि त्याचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं.

"वखारवाल्याकडून किती खाल्लेस? बोल!" करवतवाला ओरडत होता. "माणसं पटापट पडायला लागलीत तिथे, आणि तुझा बोर्ड म्हणतो दोनशे चाळीस!"

करवतवाला आणि त्याच्याबरोबरचे दोन हमाल लाकडाच्या वखारीतून भिंत चढून इथे कचेरीत आले होते. त्यांचे डोळे लाल झाले होते, नाकपुड्यांत काजळी होती. मापाड्या हा नगरपालिकेचा हवा मोजणारा माणूस. यंत्र कचेरीच्या गच्चीवर आणि त्याचा आकडा चौकातल्या मोठ्या बोर्डावर. आकडा तीनशेच्या वर गेला की उघड्यावरचं काम बंद, असा नियम होता. नियम मोठा चांगला होता, फक्त तो आभाळाकडे बघून नाही, बोर्डाकडे बघून चालायचा.

डोंगरावरचं जंगल तीन दिवस जळत होतं. धूर गावात उतरून असा ठाण मांडून बसला होता की भरदुपारी दिवे लावावे लागत आणि समोरची इमारत दिसत नसे. मापाड्यालाही ते दिसत होतं. तोही खोकून बेजार होता. पण बारा वर्षं त्याने आकड्यापुढे स्वतःच्या नाकाचं काही चालू दिलं नव्हतं. कोणी म्हणालं, आज हवा घाण आहे, की हा म्हणायचा, थांबा, आधी आकडा बघू. असतात अशी माणसं. घड्याळात बघितल्याशिवाय त्यांना भूकसुद्धा लागत नाही.

"यंत्र खोटं बोलत नाही," तो तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला. त्यावर हमालाची लाथ बरगडीत बसली. "अरे, माझी ताई आहे त्या वखारीत! सख्खी बहीण! तिचा जीव घ्यायला मी पैसे खाईन?"

करवतवाल्याचा दांडा वरच्या वर थांबला. "ती दम्यावाली? फळ्या रचते ती?"

"तीच."

"तीच पडलीय पहिली. मुकादमाने फाटकाला कुलूप घातलंय. तीनशे झाल्याशिवाय कोणालाही सोडणार नाही म्हणतो."

"चल, दाखव ते यंत्र!" हमाल ओरडला. मग त्यांनी त्याला कॉलरला धरून गच्चीवर फरफटत नेलं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्याचा गुडघा आपटत होता.

गच्चीवर यंत्राची पोलादी नळी उभी होती. हवा तिच्यातून आत जायची, म्हणून मापाड्या तिला यंत्राचं नाक म्हणायचा. त्या नाकावर तीन पदरी मलमलीचा रुमाल घट्ट बांधलेला होता, तव्याच्या बुडासारखा काळा.

तो त्यानेच बांधला होता. पहिल्या दिवशी राखेने नळी तुंबली तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, यंत्र बिघडलं तर घरी बसायचं. त्याचा उतरलेला चेहरा बघून ताईने तोंडाला बांधायचा आपला रुमाल सोडून त्याच्या हातात दिला. "ओला करून बांध त्याला. माझं काय, मी तोंडावर हात धरीन." जाड राख अडेल, बारीक धूळ आत जाईलच, असा त्याचा अंदाज होता. रुमाल सुकला की तो डोळ्यांत तेल घालून पुन्हा ओला करत होता. आपली अक्कल त्याला फार आवडली होती.

त्याने रुमाल ओरबाडून काढला. यंत्राच्या छोट्या पडद्यावरचा आकडा उड्या मारत आठशेला गेला.

"बोर्डावर कधी येणार?" करवतवाल्याने विचारलं.

"तिथे तासाची सरासरी लागते. अर्धा तास तरी जाईल."

"अर्ध्या तासात मरेल ती!"

मापाड्याने त्याच्या हातातला दांडा हिसकावला आणि धूम ठोकली.

फाटकाच्या गजांपलीकडे मुकादम उभा होता. त्याच्या तोंडावर चांगला दोन गाळण्यांचा मास्क होता.

"उघड! आकडा चुकलाय. माझ्या हातून चुकलाय!"

"बोर्डावर दोनशे सत्तर आहे," मुकादम किल्ल्यांचा जुडगा असलेल्या हाताने गज धरून शांतपणे म्हणाला. "तुझ्याच बोर्डाचं ऐकतोय मी. तिथे तीनशे दिसू दे, मग उघडतो."

मापाड्याने दांडा गजावरच्या बोटांवर घातला. हाडं मोडल्याचा आवाज आला आणि किल्ल्या खाली पडल्या. कुलूप उघडेपर्यंत मुकादमाने डाव्या हाताने लाकडं ओढायचा आकडा उचलला. त्याचं टोक मापाड्याच्या दंडात घुसलं. मापाड्याने तो तसाच ठेवून त्याच्या तोंडावर दांडा हाणला. मास्क फुटला, नाक फुटलं, मुकादम आडवा झाला. तरी हा हाणतच राहिला. आपण कोणाला मारतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तो खाली पडलेला माणूस नव्हता.

"सोड त्याला!" करवतवाल्याने त्याला मागून विळखा घातला. "ताईकडे बघ आधी!"

ताई फळ्यांच्या दोन थप्प्यांमध्ये बसली होती. ओठ निळे, तोंड उघडं, मुठीत दम्याचा रिकामा पंप. त्याने तिला उचललं तेव्हा ती लहान मुलीएवढी हलकी लागली. तिने डोळे किलकिले केले.

"रुमाल... नीट बसला ना रे?"

"हो ताई. एकदम नीट बसला."

"मग झालं," ती म्हणाली. "तुझी नोकरी राहिली."

तिला घेऊन तो फाटकाबाहेर पळाला. दंडातला आकडा पावलागणिक हलत होता, करवतवाला पुढे माणसं बाजूला सारत होता. चौकापर्यंत तिची छाती खालीवर होत होती. चौकात ती थांबली. तो तिला तसाच धरून बोर्डाखाली बसला आणि कोणी कितीही सांगितलं तरी उठेना.

दहा मिनिटांनी बोर्डावर तीनशे दोन आले. वखारीच्या रखवालदाराने नियमाप्रमाणे भोंगा वाजवला, आणि काम बंद झालं.