चरांच्या इतिहासाला वाचक मिळाला

शेतातल्या पाण्याचा निचरा करणारे चर तपासण्याच्या नोकरीतून व्हर्जिल ओस्टलंड निवृत्त झाले आणि घरी बसून त्यांनी आमच्या काउंटीतल्या सगळ्या चरांचा इतिहास लिहिला. स्वतःच छापून घेतला. ग्रंथालयाला एक प्रत भेट म्हणून द्यायला आले तेव्हा तान्हं मूल धरावं तसं दोन्ही हातांनी ते पुस्तक सांभाळत आले होते. मी तेव्हाही काउंटरवर होते, आजही आहे.

मिनेसोटाच्या या सपाट कोपऱ्यात ज्याच्या शेतात चर नाही त्याच्या शेतात तळं असतं. म्हणजे विषय महत्त्वाचा होता, यात वादच नाही. फक्त तो वाचावा असं कोणाला वाटत नव्हतं.

अशात आमच्या प्रमुख बाई मार्लीस क्विगली कुठल्याशा परिषदेला जाऊन आल्या आणि येताना एक नियम घेऊन आल्या. ज्या पुस्तकाला दोन वर्षांत कोणी हात लावला नाही, ते काढून टाकायचं. "फळ्यांना श्वास घेऊ द्या," त्या म्हणाल्या. फळ्यांनी इतका श्वास घेतला की मधल्या दोन कपाटांत आता कुंड्या आहेत.

व्हर्जिलना नियमाचा सुगावा लागला आणि ते स्वतःचंच पुस्तक घरी न्यायला लागले. मुदत संपली की यायचे, वाढवून न्यायचे.

"कसं वाटतंय?" मी विचारायची.

"मांडणी चांगली आहे," ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे.

एका मार्चमध्ये, तळ्यावरचा बर्फ अजून माणसांना पेलत होता तेव्हा, ते असेच मुदत वाढवायला आले. मी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि मला पुन्हा पाहावं लागलं.

"या वेळी वाढवता येणार नाही, व्हर्जिल. दुसऱ्या कोणीतरी मागणी नोंदवली आहे."

त्यांनी काउंटरची कड धरली. "कोणी?"

"ते सांगता येत नाही."

"अहो, पुस्तक माझं आहे!"

"पुस्तक तुमचं. वाचकाचं नाव मात्र आम्ही कोणाला सांगत नाही."

त्या दिवसापासून माणूस बदलला. एरवी कोणी नमस्कार केला तरी हुंकार देऊन पुढे जाणारे व्हर्जिल आता गाडी हळू करून प्रत्येकाला हात करायला लागले. न जाणो, हाच असेल! चर्चच्या तळघरात लोकांना स्वतः कॉफी ओतून द्यायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे, "हल्ली काय वाचन चाललंय?" दातांचे डॉक्टर म्हणाले, मासेमारीच्या गळांचा कॅटलॉग. व्हर्जिलनी त्यांना डोळा मारला, "कळलं, कळलं."

आठवडाभरात त्यांची बायको आर्डिस माझ्याकडे आली.

"काल त्याने शेजाऱ्याच्या दारातला बर्फ उपसून दिला. कुंपणावरून भांडण झाल्यापासून तोंड बघत नव्हता त्याचं. कोण गं हा वाचक?"

"नाही सांगता येत, आर्डिस."

"बरं, नको सांगू. पण त्याला म्हणावं, सावकाश वाच. घाई कसली? माझं माजघर रंगवायचं राहिलंय अजून."

वाचक सावकाशच वाचत होता. त्याचं नाव ड्वेन पेलर. टर्की कोंबड्यांचं मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात रात्रपाळीला. मुदत वाढवायला फोन करायचा आणि बोलताना जांभया द्यायचा. मला वाटायचं, कामाचा शीण असेल. शेवटी नियमाप्रमाणे फोनवरून आणखी वाढवता येईना, तेव्हा एका सकाळी पाळी संपवून तो पुस्तक घेऊन आला. व्हर्जिल वर्तमानपत्राच्या टेबलापाशी बसले होते. आपल्या पुस्तकाचं हिरवं वेष्टण त्यांनी लांबून ओळखलं, टोपी काढली आणि लग्नातल्या नवरदेवासारखे चालत आले.

"तुम्ही... हे वाचलंत?"

ड्वेनने वेष्टणाच्या मागच्या बाजूचा लेखकाचा फोटो पाहिला, मग व्हर्जिलकडे पाहिलं आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. "तुम्हीच का ते? देव भलं करो तुमचं! आयुष्य बदललंत माझं!"

व्हर्जिलच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे नेमकं कुठलं प्रकरण..."

"अहो, रात्रपाळी लागल्यापासून दिवसा झोप म्हणून नाही. गोळ्या घेतल्या, काळे पडदे लावले, बायकोने कोंबडा विकला. काही उपयोग नाही. परसातला चर तुंबला म्हणून हे पुस्तक मागवलं. ते छातीवर घेतलं, पहिल्या चराची लांबी-रुंदी सुरू झाली, की मी गार!"

"कुठपर्यंत आलात?" व्हर्जिलनी अगदी हळू विचारलं.

"अकरावं पान. का? त्याच्या पुढे कोणी गेलंय?"

व्हर्जिलनी टोपी घातली आणि ते निघून गेले. त्यांचा बदललेला स्वभावही त्यांच्याबरोबरच गेला. आर्डिसचं माजघर अर्धं रंगवून राहिलं.

ड्वेन मात्र गप्प बसणारा नव्हता. त्याने कारखान्यात सांगितलं. तिथून ते पाद्रीबाईंपर्यंत, पाद्रीबाईंकडून नव्याने आई झालेल्या पोरींपर्यंत गेलं. पुस्तकाला रांग लागली. मार्लीसनी आणखी प्रती मागवल्या, दारात फलक लावला, "आमचं गाव पुन्हा वाचू लागलं!" आणि पुढच्या परिषदेत त्यावर भाषण करून आल्या. पुस्तक उघडून बघायला त्यांना सवड झाली नव्हती.

व्हर्जिलना हे यश सोसेना. हिवाळाभर ते टेबलाशी बसले आणि सगळं पुस्तक नव्याने लिहून काढलं. आर्डिस शेजारी विणत बसायची.

"इंगव्हाल्ड भावांचं घाल की त्यात," ती म्हणाली. "हेल्गासाठी एकाने दुसऱ्याचा चर बुजवला ते."

"ते अधिकृत नाही."

"पण झालं होतं ना?"

ते घातलं. सुरुंग लावून बांध उडवणारा चर्चचा डीकनही आला, आणि पुरात शेजाऱ्याच्या परसात वाहत गेलेलं ख्रिसमसचं जेवणही. नवी आवृत्ती आली, तेव्हा मी पहिली प्रत ड्वेनसाठी बाजूला ठेवली. इतका निष्ठावान वाचक, त्याचा मान होता.

दोनच दिवसांत तो परत आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. पुस्तक त्याने काउंटरवर आपटलं.

"हे काय दिलंत मला? परवा सकाळी हातात घेतलं ते पाळीची वेळ होईपर्यंत सोडवेना. कालही तेच! डोळ्याला डोळा नाही! कामावर उभ्याउभ्या डुलक्या खाल्ल्या, मुकादमाने सगळ्यांसमोर झापलं. जुनं द्या, ते हिरवं!"

वर्तमानपत्राच्या टेबलाशी खुर्ची सरकली. व्हर्जिल उठून जवळ आले. या खेपेला टोपी डोक्यावरच होती.

"पूर्ण वाचलंत?"

"नाहीतर काय! शेवटच्या पानापर्यंत! आणि इतकं जागवून वर सांगितलंच नाहीत, त्या हेल्गाने लग्न केलं कोणाशी? थोरल्याशी की धाकट्याशी?"

"कोणाशीच नाही. ती फार्गोला निघून गेली."

"का?"

व्हर्जिलनी एक खुर्ची ओढली. "बसा," ते म्हणाले. "त्याचं असं झालं..."

आतल्या खोलीतून मार्लीसनी मान बाहेर काढून ओठांवर बोट ठेवलं. कोणी लक्ष दिलं नाही. मी जुनी हिरवी प्रत काढून ड्वेनपुढे ठेवली. त्याने ती कोपराने बाजूला सारली, जांभई दिली आणि विचारलं, "मग?"