तक्रार नाही

"कसे आहात?" असं सुतारकामासाठी नावाजलेल्या दमियात शहरात कोणीही, कधीही विचारलं, तरी उस्ता मेतवल्लींचं उत्तर एकच असायचं. "अल्हम्दुलिल्लाह." देवाची कृपा आहे, पुढे बोला. पन्नास वर्षं त्यांनी खुर्च्या घडवल्या, 'उस्ता', म्हणजे उस्ताद, हा मान मिळवला, हज करून आले, बायकोला मातीआड केलं, पण स्वतःबद्दल याहून एक अक्षर जास्त बोलले नाहीत. अल्लाशिवाय दुसऱ्या कोणापुढे गाऱ्हाणं गायचं म्हणजे अब्रू घालवायची, हे त्यांनी बापाकडून ऐकलं होतं आणि हाताखालच्या प्रत्येक कारागिराला ऐकवलं होतं.

त्यांची मुलगी इन्शिराह शाळेत भूगोल शिकवायची. नवरा वारल्यापासून ती वडिलांपाशीच राहत होती. हे उत्तर कानावर पडलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण तिचा राग बापावर कमी आणि त्या उत्तरावर खूश होऊन घरी जाणाऱ्यांवर जास्त होता.

खूश होणाऱ्यांत पहिला नंबर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर वाइलचा. उस्तांसारख्या शुगरच्या म्हाताऱ्यांना दर महिन्याला तिथे तपासणीला जावं लागे. डॉक्टरसाहेबांपुढे छापील कागद असायचा, आणि त्यावर सगळ्यात वर एक चौकोन. 'तक्रार.'

"काय हाजी, कसं काय?"

"अल्हम्दुलिल्लाह."

"वा! काही तक्रार?"

तक्रार! देवाच्या दारी जाऊन आलेल्या माणसाला हे विचारायचं? उस्ता ताठ बसून म्हणायचे, "अस्तगफिरुल्लाह! देव क्षमा करो, तक्रार कसली?"

डॉक्टर चौकोनात 'तक्रार नाही' लिहायचे, गोळ्या द्यायचे आणि पुढच्याला हाक मारायचे. सहा महिन्यांत सहा वेळा हेच झालं. एकदाही त्यांची नजर टेबलाच्या कडेखाली गेली नाही. जाईल कशी? चौकोन टेबलावर होता.

इन्शिराहला कळलं ते मोज्यांवरून. जन्मात स्वतःचा चहाचा पेला न विसळलेला माणूस न्हाणीघरात गुपचूप मोजे धुताना तिला दिसला. तिने दार ढकललं, त्यांचा पाय हातात धरला आणि खालीच बसली. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती आणि तळव्याला नाण्याएवढी जखम होती.

"बाबा, हे कधीपासून?"

"होईल बरं. अल्हम्दुलिल्लाह."

दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर वाइल यांनी पाय पाहिला, एकदाचा पाहिला, आणि आधी कागद चाळले. "ताई, इथे तर सहाही वेळा तक्रार नाही असं आहे."

"तुम्हीच लिहिलंय ते!"

"हाजी म्हणाले, मी लिहिलं. आता मन्सुरा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं तर समितीची मंजुरी लागेल. आणि समितीपुढे रुग्णाने स्वतःच्या तोंडाने तक्रार सांगायची असते. नियम आहे. नाहीतर काय होतं, नातेवाईकच जास्त बोलतात."

जखमेला पट्टी बांधून मिळाली आणि समितीची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. पाय तोवर थांबेल का, हे त्या पायाला कोणी विचारलं नाही.

घरी आल्यावर तिने कुवेतला भावाला फोन लावला. रिफात तिकडे बारा वर्षं होता आणि तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकण्यात चांगलाच तरबेज झाला होता. खजूर दे, मीठ कमी कर, रोज चालायला ने, अशा सूचना दर शुक्रवारी यायच्या.

"बाबांचा पाय सडतोय, रिफात. तू ये."

"बाबांना फोन दे जरा." आणि मग मोठ्याने, "बाबा, कसे आहात?"

"अल्हम्दुलिल्लाह, बाळा. तू कसा आहेस?"

फोन परत इन्शिराहच्या हाती आला. "बघ, ते स्वतःच सांगतायत ना? तू पहिल्यापासून घाबरट आहेस, इन्शिराह."

तिने फोन आपटला. त्या रात्री ती वडिलांच्या पाया पडली, रडली, भांडली. "बाबा, समितीपुढे एवढंच म्हणा की पाय दुखतो. दोन शब्द. नाहीतर पाय जाईल."

"देवाने दिलेलं दुखणं मी परक्या तीन माणसांपुढे मांडू? इतका भिकारी झालोय का मी?"

मंगळवारी समिती बसली. तीन डॉक्टर होते, पैकी मधले टकले गृहस्थ अध्यक्ष. वडिलांना समोरच्या खुर्चीत बसवून इन्शिराह मागे उभी राहिली.

"बोला हाजी, काय होतंय?"

"अल्हम्दुलिल्लाह."

"म्हणजे तशी काही तक्रार नाही?"

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. इन्शिराहने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात खुर्ची करकरली.

उस्तांनी भुवई उंचावली. एकदा डावीकडे झुकले, एकदा उजवीकडे. मग उठले, खुर्ची उलटी केली आणि तिच्या पायावर बोटाने टकटक केलं.

"ही खुर्ची कोणी आणली?"

"सरकारी आहे, हाजी. बसा तुम्ही."

"बसा काय? मरेल कोणीतरी! वरून रोगण चोपडलंय आणि आतून नुसता भुसा. हा आवाज ऐका, पोकळ आहे. पाय कुजलाय हिचा! आपल्या दमियातमधून अशी खुर्ची बाहेर पडते? कोण तो चोर? आणि ती ताब्यात घेणारा आंधळा कोण?" पन्नास वर्षांत स्वतःसाठी न काढलेला आवाज त्यांनी त्या खुर्चीसाठी काढला. अध्यक्ष हसायला लागले. बाकीचे दोघेही हसले.

इन्शिराहला ते हसू सहन झालं नाही. "बाबा," ती ओरडली, "ही खुर्ची तुमच्या दुकानात आली असती आणि कारागीर म्हणाला असता, अल्हम्दुलिल्लाह, ठीक आहे, तर?"

"पायताणाने हाणला असता!"

"मग माझं काय चुकतंय?" ती गुडघ्यांवर बसली आणि तिने त्यांचा बूट काढला, मोजा ओढला, पट्टी सोडली. खोलीत वास पसरला. अध्यक्षांचा हात नाकावर गेला. आता कोणी हसत नव्हतं.

उस्ता उलट्या खुर्चीला धरून वाकले. आपल्या पायाकडे त्यांनी नीट पाहिलं, घरात कधी पाहिलं नव्हतं तसं, गिऱ्हाइकाने आणलेल्या लाकडाकडे पाहावं तसं. अंगठ्याने दाबत दाबत ते बोटांपासून वर आले. एका जागी थांबले.

"इथवर गेलंय," ते शांतपणे म्हणाले. "याच्या पुढचं चांगलं आहे." आणि करवत लावण्याआधी खूण करतात तशी त्यांनी नखाने पायावर आडवी रेघ ओढली.

अध्यक्षांनी पेन पुन्हा हातात घेतलं. "मग तक्रार काय लिहू, हाजी?"

"देवाबद्दल माझी काही तक्रार नाही. तुम्हाला लिहायचंच असेल तर लिहा, सहा वेळा आलो, एकदाही कोणी मोजा काढला नाही."

अध्यक्षांनी चौकोनात लिहिलं, 'पाय दुखतो.' शिक्का मारला.

मन्सुराच्या शल्यविशारदाने नखाच्या रेघेच्या दोन बोटं वर कापलं. म्हणाला, दोन महिने आधी आणलं असतं तर एका बोटावर भागलं असतं. इन्शिराह बाहेर आली आणि भिंतीला डोकं टेकून पोटभर रडली.

शुक्रवारी वॉर्डात फोन वाजला. तिने तो उचलून थेट वडिलांच्या कानाला लावला.

"बाबा! कसे आहात?"

"अल्हम्दुलिल्लाह."

"छान, छान. मग ठेवतो हं, जरा घाईत..."

"ठेवू नकोस," उस्ता म्हणाले. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग चादरीखाली लवकर संपणाऱ्या पायाकडे. "माझा अर्धा पाय गेलाय, रिफात. आणि दुखतोय. ये."