पाहुण्याला माझ्यावरून नेऊ नका

मित्रांनो, मी एक जुनी, लांब सागवानी फळी आहे. माझे पहिले काम बसण्याचे होते. कोकणात रेवदंड्याजवळ एका बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबाचा तेलाचा घाणा होता. बैल फिरे, त्याच्यामागे माझ्यावर बसलेला माणूसही फिरे आणि दिवस संपला तरी आम्ही सकाळच्याच जागी असू. घाणा बंद पडला. इस्रायलला येताना त्या घरच्या ॲलिसबाईंनी मला सामानाच्या तळाशी घालून आणले. "सासऱ्यांची आठवण आहे," म्हणाल्या.

त्यांना घर मिळाले ते वाळवंटाच्या कडेला, ओफाकिम नावाच्या नव्या गावात. घरे आणि सडक यांच्यामध्ये एक अरुंद ओढा होता. एरवी कोरडा, पण हिवाळी पावसात गढूळ पाण्याने भरून वाहणारा. बस आणि दवाखान्याची गाडी पलीकडेच थांबे. १९६२ साली लोकांनी मला ओढ्यावर आडवी टाकली. पावलागणिक मी मध्यभागी वाकत असे, पण मोडले नाही. सगळे माझे कौतुक करीत. मलाही ते आवडे.

पण गाडी काही फळीवरून जात नाही. त्या हिवाळ्यात एका शेजारणीला कळा सुरू झाल्या, तेव्हा चौघांनी तिला खुर्चीत बसवून माझ्यावरून नेले. मी पहिल्यांदाच करकरले. ॲलिसबाईंची सून रूती ते पाहत उभी होती. तिचे दिवस वसंतात भरणार होते.

ओढ्यात मोठे नळ टाकून वर रस्ता करावा, अशी गावाने मागणी केली. अव्नेर नावाचे अधिकारी यरुशलेमहून पाहणीला आले. पाहुणा येणार म्हणून ॲलिसबाईंनी मला घासून धुतले, वर चटई अंथरली. शेजारच्या नेहेम्याने साहेबांचा हात धरून त्यांना अलगद पार केले. चहा झाला, करंज्या झाल्या. साहेब खूश!

"छान सोय आहे की तुमची! जिथे काहीच नाही, तिथे आधी पैसे द्यायला हवेत. धीर धरा."

ते गेल्यावर रूती म्हणाली, "आई, त्यांच्या बुटाला मातीसुद्धा लागली नाही."

"मग काय पाहुण्याला चिखलात उभा करू?"

"करा. मला तरी कुठून जायचंय?"

ॲलिसबाईंनी माझ्यावरची चटई गुंडाळली. मग नेहेम्याला म्हणाल्या, "साहेबाला परत बोलव. पावसाचा."

नेहेम्या साहेबांच्या कचेरीत जाऊन बसू लागला. हाकलला की पुन्हा जाई. शेवटी कंटाळून साहेब आले. त्या सकाळी जोराचा पाऊस होऊन गेला होता. ॲलिसबाईंनी स्वतः मला उचलून भिंतीला टेकवून ठेवले होते. मध्ये ओढा धो धो वाहत होता.

"फळी कुठे गेली?" साहेब पलीकडून ओरडले.

"म्हातारी झाली, साहेब! आराम करतेय," नेहेम्या म्हणाला.

"चहा उकळलाय, करंज्या गरम आहेत!" ॲलिसबाईंनी किटली उंच धरली. "या ना!"

"कसा येऊ?"

रूती पोटावर हात ठेवून काठापर्यंत गेली. "तेच विचारायला तुम्हाला बोलावलंय."

साहेबांनी पाण्याकडे पाहिले. मग लांबचा वळसा घालून, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आले आणि चहा पिता पिता नळांची मागणी लिहून घेतली. वसंतातल्या पासओव्हरच्या सणाआधी नळ आले, भराव पडला. रूतीला न्यायला गाडी थेट दारात आली.

मित्रांनो, माझ्यासारख्या फळ्यांची काळजी जरूर घ्या, पण आमच्यावर समाधान मानू नका. पाहणीच्या दिवशी तर आम्हाला आधी उचलून ठेवा.

मी आता नव्या बसथांब्यावरचे बाक आहे. काम पुन्हा बसण्याचेच. पण माझ्यावर बसलेली माणसे आता कुठेतरी पोहोचतात.