पाटीवरचा 'असत' आणि मी सुकुंदा

मी एक जुना सुकुंदा, म्हणजे पूजेचा तेलदिवा आहे. नेपाळातल्या पाटण शहरी एका मूर्तिकाराने मला पितळेत ओतलं. मागे तेलाचं गोल पोट, पुढे वातीची ताटली आणि मधे ठाण मांडून बसलेला गणपती. मित्रांनो, आम्हा इथल्या नेवार लोकांत मी साक्षीदार! मी पेटल्याशिवाय ना लग्न लागतं, ना घराची पहिली वीट बसते. तेल घालताना कोणाचा हात सढळ आणि कोणाचा आखडता, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

पुढे घरोघरी विजेचे दिवे आले. गल्लीतल्या जुन्या वाड्यात संग्रहालय निघालं, तेव्हा "आमचा सुकुंदा तुमच्यापेक्षा जुना" अशा चढाओढीत साऱ्या गल्लीने आपापले सुकुंदे देऊन टाकले. आम्ही सगळे एका काचेच्या कपाटात. माझी काजळी घासली, वर चकचकीत रोगण फासलं आणि खाली पाटी लावली: 'पूजेत लावत असत.' तो 'असत' मला फार झोंबला.

भूकंपात खचलेला वाड्याचा चौक अखेर पुन्हा बांधायचा ठरला. मुहूर्ताला गल्लीतले सर्वांत थोरले अष्टमान आजोबा पाटावर बसले.

"सुकुंदा कुठाय?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

"लक्ष्मीमाया, तुझ्या घरचा आण."

"दिला की संग्रहालयाला! टाळ्या तुम्हीच वाजवल्यात."

"मेणबत्ती चालेल?" मागून कोणीतरी म्हणालं.

"तुझ्या लग्नात चालली असती का रे?"

गवंड्याने हातातली वीट खाली ठेवली. "साक्षीशिवाय मी नाही बसवणार. उद्या भिंत पडली तर नाव माझं."

पावसाळा तोंडावर आलेला. आजचा मुहूर्त हुकला, तर चौक आणखी वर्षभर खड्डाच राहणार.

संग्रहालयाच्या प्रमुख रोशनाबाई चाचरत म्हणाल्या, "आजोबा, वस्तू संग्रहालयाबाहेर न्यायची नाही, असा नियम आहे."

"चौक कोणाचा?"

"संग्रहालयाचाच."

"मग बाहेर कुठे नेतोय?"

रोशनाबाईंना हसू फुटलं. त्यांनी किल्ली काढली.

माझी वात पेटली आणि रोगण तापून असा वास सुटला की आजोबा मंत्राच्या मधेच शिंकले. "काय फासलंय गं याला? नखांचा रंग?" पण ज्योत टिकली आणि वीट बसली. मग चौकातच पोह्यांची पंगत झाली.

रोशनाबाईंनी माझं रोगण उतरवलं. पाटीही बदलली: 'पूजेत लावतात.'

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा, पण कपाटाची किल्ली हाताशी ठेवा. आणि तेल घालताना हात आखडू नका. मी बघत असतो!