कोणती नोंद खरी धरायची

भेटीगाठी नोंदवायच्या तिच्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनायझरच्या तळाशी बारीक सोनेरी पट्ट्यांची ओळ होती आणि तिच्यातली डावीकडची पट्टी बाकीच्यांपेक्षा किंचित काळवंडली होती – नखाने खरवडली तर निघेल, इतपतच. तिने स्पिरिटचा कापूस त्यावरून हलकेच फिरवला, पट्टी वाळू दिली आणि तळहाताएवढं ते यंत्र कॉम्प्युटरला जोडलेल्या स्टँडमध्ये पुन्हा बसवलं. टिंग. दोन्हीकडच्या नोंदी जुळल्या, असा निरोप पडद्यावर आला. वायर बदलून झाली होती, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची – प्रयोगशाळेत नव्या मुलींना ती हेच तर सांगते – आणि एकेक संशयित निर्दोष सुटत चालला होता.

"झालं का गं ते तुझं?" शेजारच्या खुर्चीतून आईने विचारलं.

"नाही अजून."

"टिंग तर वाजलं."

"वाजलं. पण खोटंच."

"म्हणजे तुझ्या मामासारखंच. हो हो म्हणायचं आणि करायचं काहीच नाही."

तिला हसू आलं नाही. दुपारपासून कानात एकच आवाज... 'ताई, आम्ही सकाळभर वाट बघत होतो. खोली बघायला येणार होतात ना आज?' वृद्धनिवासातल्या बाई बोलत होत्या, अगदी सौम्यपणे, आणि तिने कानाला फोन तसाच धरून ऑर्गनायझर उघडला होता. आजचं पान कोरं होतं. पण मी लिहिलं होतं – प्रयोगशाळेच्या जिन्यात उभं राहून, कुणी येत नाही ना हे बघत. लिहायच्या काडीचा तो काचेवरचा टकटक स्पर्श अजून बोटांत होता. 'उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो, ताई. मग दुसऱ्यांना द्यावी लागेल खोली.'

तिने ऑर्गनायझरवर नुसतं 'चाचणी' असं लिहिलं. टिंग. उचलून पाहिलं – शब्द गायब. मग तोच शब्द कॉम्प्युटरवर टाइप केला. टिंग. ऑर्गनायझरवर आला. म्हणजे रस्ता एकाच दिशेने वाहत होता. तिने सेटिंग्ज उघडल्या, आणि बरोबरची खूण केलेली एक ओळ समोरच होती. दोन्हीकडे फरक असेल तर कॉम्प्युटरवरचं खरं धरा. खाली – 'कायम'.

आईच्या हातून गॅस उघडा राहिला, त्या आठवड्यातली गोष्ट. दार उघडताच नाकात शिरलेला तो वास, आणि आई याच खुर्चीत, शांत, 'चहा ठेवलाय तुझ्यासाठी' म्हणणारी... थोडक्यात निभावलं होतं. त्यानंतर आईच्या डॉक्टरांची भेट दोन-दोनदा दिसायला लागली म्हणून वैतागून तिनेच ती खूण केली होती. 'या वेळेपुरतं'ऐवजी 'कायम'.

उत्तर सापडलं होतं. सापडल्यावर सैल पडणारे खांदे या वेळी मात्र तसेच ताठ राहिले – कारण मग बाकी काहीच कसं हरवलं नाही? बैठका, रसायनांची मागणी, आईची औषधं... ती सगळी ती घरी, इथे, कॉम्प्युटरवरच लिहीत होती. जिन्यात लिहिली ती एवढी एकच गोष्ट, कारण इथे शेजारी आई बसते आणि पडद्यावरचं मोठ्याने वाचते. ठीक आहे. चोराच्या मनात चांदणं. पण...

पण परवा तिने ते पान पाहिलं होतं.

परवा, बसमध्ये, ते कोरं पान मला दिसलं होतं. लिहिलं होतं ना आपण, असं मनात आलंही होतं; आणि मी पुन्हा लिहिलं नाही, निवासात फोन केला नाही, एका चुकलेल्या आकड्यासाठी आख्खा प्रयोग पुन्हा मांडणारी मी – ऑर्गनायझर पर्समध्ये टाकून खिडकीबाहेर बघत बसले. हलकं वाटलं होतं. सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं. यंत्राने पुसलं होतं खरं, पण ते पुसलेलं राहू दिलं होतं कुणी? आणि हा दोष शोधायला ती आज बसली, परवा नाही... कापूस बोटांत तसाच होता, कोरडा. इतकी वर्षं जिला आपण ओळखतो असं ती धरून चालली होती, त्या स्वतःतल्या बाईला तिने जणू पहिल्यांदाच पाहिलं, आणि ती बाई तिला आवडली नाही.

आई पुढे वाकली. चष्मा सारखा करत, एकेक शब्द सुटा करत तिने वाचलं, "कॉम्प्युटर-वरचं... खरं... धरा. अगं, कशापेक्षा खरं?"

उद्या सांगता येईल. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे. आधी एकटीने खोली बघून यावी, मग... हे सगळं तिच्या डोक्यातून सवयीने, न अडखळता सरकत गेलं, आणि आता त्याचा सराईतपणाच तिला ऐकू आला.

तिने खुर्ची आईकडे वळवली.

"आई, तू दिवसभर घरात एकटी असतेस आणि मला तिकडे काही सुचत नाही. मला एकटीला नाही जमत आता. तुझ्यासाठी मी एक जागा बघितलीये, राहायला. उद्या आपण दोघींनी जाऊन बघायची."