उरलेलं पाव मीटर

खडूची कड झिजून झिजून पातळ झाली होती, आणि अशाच कडेची रेघ कापडावर नीट उठते हे तिच्या बोटांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं... आज मात्र ती रेघा मारत होती त्या कापडावर नव्हे, टेबलाच्या लाकडावर – कापड पंचवीस मीटर, एका शर्टाला सव्वादोन, तर शर्ट किती? काल सरावाच्या पेपरात तिने बेधडक बारा लिहिलं आणि लेकीने वर लाल फुली मारली. नववीतली पोर, पण आईचा पेपर तपासताना काय तो तोरा! घरात तिला मास्तरीणबाईच म्हणत.

उद्या गणिताचा पेपर. दहावीचा, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. बाकीचे विषय तेव्हाच सुटले होते; गणित तेवढं राहिलं, ते सव्वीस वर्षं दाताच्या फटीत अडकल्यासारखं. तेव्हाच्या बाईंनी तिची वही वर्गापुढे धरली होती – "उत्तर आहे, पायऱ्या कुठायत? कुणाचं बघून लिहिलंस?" – पण उत्तर आलं कुठून हे तिला तरी कुठे ठाऊक होतं? आलं होतं, बस्स. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

शाळा सुटली तशी लेक दुकानात आली आणि दप्तर शिलाई मशीनवर टाकून टेबलावर वाकली.

"आई, आधी दिलेली माहिती लिही. मग काय काढायचंय ते. मग भागाकार. उगाच उड्या मारू नकोस."

"बारा होतात, बाई! कापड आण, आत्ता कापून दाखवते."

"कसे होतील? अकरा शर्टांना पावणेपंचवीस मीटर गेलं. संपलं की!"

"अगं, एकेक कापलास तर अकरा. सगळे एकदम मांडायचे, बाह्या उलटसुलट बसवायच्या, कॉलर मधल्या फटींतून काढायच्या... बारावा निघतो. वीस वर्षं काढतेय मी."

लेकीने दातात धरलेलं पेन काढलं. मग म्हणाली, "म्हणजे तुला येतंय की! पण पेपर काढणाऱ्यांना तुझी मांडणी माहीत नाही गं. ते सव्वादोन म्हणाले, आपण सव्वादोनच धरायचं."

तुला येतंय की... इतकी वर्षं वाटत आलं, आपल्याच डोक्यात काहीतरी कमी आहे, आणि कालची फुली मिळाली होती ती एक शर्ट जास्त काढला म्हणून! तिला हसूच फुटलं. बाईंनी वर्गापुढे धरलेल्या त्या उत्तरालाही पायऱ्या असतील. मी भराभर चढून गेले असेन, त्यांना दिसले नसेन.

तिने लिहिलं. दिलेली माहिती, काढायचं ते, भागाकार. अकरा शर्ट, उरलं पाव मीटर. तिथे हात थबकला.

"आणि ह्या पाव मीटरचं करायचं काय?"

"काही नाही. उरलं म्हणून लिहायचं. पुस आता, पुढचं घेऊ."

नुसतं उरू द्यायचं? दोन खिसे निघतील त्यात... उद्या बाकावर बसल्यावर हात निमूट अकरा लिहील, की पुन्हा बारावर जाईल, काही सांगता येत नव्हतं. तरीही तिला फार बरं वाटत होतं.

"थांब गं जरा," ती म्हणाली. काही न पुसता, अकराच्या खाली उरलेल्या जागेत, तिने खडूची पातळ कड टेकवली आणि बाराव्या शर्टासाठी बारीक अक्षरात पहिली पायरी लिहायला घेतली.