आकड्याखालच्या रेघा

मित्रांनो, रायफलीवर बसून लांबचं जवळ दाखवण्यात जिचं आयुष्य गेलं, ती मी एक जुनी दुर्बीण आहे. कारखान्यात एका कारागीर बाईने माझी भिंगं बसवली. तिच्या फडक्याइतकं मऊ मला पुन्हा काही लागलं नाही. पुढे मी एका नेमबाजाकडे राबले. त्याची नजर अधू झाली, तसा तो मला नेमबाजीच्या सामानाच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात सोडून गेला. शेजारच्या नव्या, जाडजूड दुर्बिणींपुढे मला कोण विचारणार?

एके दुपारी एक मुलगी आली. सोबत वडील आणि घड्याळं दुरुस्त करणारी आत्या. हजार मीटर नेमबाजीच्या संघातली मुलीची निवड गेल्या वर्षी थोडक्यात हुकली होती. यंदा नाही, तर पुढे वय आडवं येणार होतं.

"ही बघा," दुकानदार नवी दुर्बीण पुढे करत म्हणाला, "हजार मीटरवरची माशी दिसेल!"

"माशा तुम्ही मारा हो दुकानात बसून," आत्या म्हणाली. "आम्हाला नेम धरायचाय."

मुलीने दारातून लांबच्या तापलेल्या पत्र्याकडे पाहिलं. नव्या दुर्बिणीत पत्रा मोठा दिसला, पण उन्हाची झळही तेवढीच मोठी झाली आणि सगळं पाण्यासारखं हललं. माझ्यात तो लहान, पण ठाम दिसला. आत्याने मला कानाशी धरून नेम वर-खाली करणारी चकती फिरवली. टिक, टिक, टिक.

"दादा, हीच घे. हिचा एकेक टिक वेगळा ऐकू येतो." मग भाचीला म्हणाली, "नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस गं. मिनिटकाटा बारावर आहे म्हणून वाजले किती ते कळतं का? आकड्याखालच्या रेघा मोजायच्या. चकतीचा एक फेरा, एक रेघ."

मुलगी मला हजार मीटरवर जुळवूनच ठेवू लागली. आकडा सात, रेघा दोन.

निवडीच्या आदल्या दिवशी वडिलांनी मला मायेने सदऱ्याच्या टोकाने पुसलं. चकतीच्या कडेची धूळ निघावी म्हणून ती पूर्ण फिरवली आणि सातचा आकडा पुन्हा खुणेवर आणून ठेवला. जसं होतं तसं, असं त्यांना वाटलं. मला वाचा असती तर ओरडले असते!

मैदानात खऱ्या फेरीआधी चाचणीच्या तीन गोळ्या मिळत. पहिली फलकाला लागलीच नाही. दुसरीही नाही. मुलीचा श्वास माझ्या काचेवर उमटू लागला. मागे आत्या ओठ घट्ट मिटून उभी. बाहेरून बोलायला बंदी होती.

मुलीने माझ्यावरून डोळा काढला. आकडा सातच. मग तिने रेघा मोजल्या. तीन! चकती एक फेरा मागे घेतली. तिसरी गोळी मध्याला खेटून बसली.

निवडीच्या यादीत तिचं नाव सगळ्यात शेवटी होतं, पण होतं.

"मीच फिरवलं होतं गं ते," वडील खाली मान घालून म्हणाले.

"मग सांगायचं ना, बाबा!" एवढंच म्हणून तिने त्यांच्या हातात मऊ ब्रश ठेवला.

मित्रांनो, सदऱ्यातल्या धुळीचा एक बारीक ओरखडा माझ्या भिंगावर कायमचा राहिला आहे. त्याचा मला राग नाही. पण दुसऱ्याच्या अवजाराला हात लावलात तर धूळ आधी ब्रशने झाडा, आणि काय हलवलं ते सांगा. माया असली तरी सांगा.

आता रोज वडीलच मला साफ करतात. झाकण लावण्याआधी आतल्या खोलीत ऐकू जाईल असं म्हणतात, "सात! रेघा दोन!"

आतून उत्तर येतं, "बरं, बाबा."